छातीच्या एक्स-रेचं एआय: सॉफ्टवेअर बरंय, पण सही कोणाची?

सरळ मुद्द्यावर येते. आमच्या डिपार्टमेंटला छातीच्या एक्स-रेवर चालणारं एक एआय सॉफ्टवेअर बसवलंय, बरेच महिने झाले रोज वापरतेय, आणि कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण जे सांगायचंय ते त्या एका कंपनीपुरतं नाही, या प्रकारातली बहुतेक सॉफ्टवेअरं थोड्याफार फरकाने अशीच चालतात. मी रेडिओलॉजिस्ट आहे, एक्स-रे, सीटी बघून रिपोर्ट लिहिणारी डॉक्टर. म्हणजे ज्यांच्या नोकऱ्या जाणार जाणार म्हणून गेली कित्येक वर्षं बोंब चाललीय त्यांच्यातलीच एक, हे लक्षात ठेवून वाचा.

ती बोंब कुठून सुरू झाली तेही सांगून टाकते. २०१६ मध्ये एआयमधले दिग्गज संशोधक जेफ्री हिंटन जाहीरपणे म्हणाले होते की नवीन रेडिओलॉजिस्ट तयार करणं आत्ताच थांबवा, पाच वर्षांत डीप लर्निंग (या एआयमागचं तंत्र) त्यांच्यापेक्षा चांगलं काम करणार. माणूस साधासुधा नाही, २०२४ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना विभागून मिळालंय. पण ती पाच वर्षं केव्हाच होऊन गेली आणि आमची वर्कलिस्ट, म्हणजे रिपोर्ट करायच्या केसेसची यादी, काही कमी झाली नाही, उलट वाढलीच. त्यामुळे "तुम्ही घाबरता म्हणून वापरत नाही" असं आम्हाला ऐकवणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय.

आधी ते करतं काय ते बघू. टेक्निशियनने फिल्म (म्हणजे एक्स-रे) काढली की ती पॅक्समध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमेज साठवणाऱ्या सिस्टिममध्ये येते, तिथून एक कॉपी सॉफ्टवेअरच्या सर्व्हरला जाते आणि आपण केस उघडेपर्यंत बाजूला अजून एक इमेज येऊन बसलेली असते, त्यावर संशयाची जागा रंगवणारा लाल-पिवळा हीटमॅप आणि खाली आकडे, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर हवा साठून ते बसणं) अमुक टक्के, इफ्यूजन (फुफ्फुसाभोवती पाणी) तमुक टक्के, नोड्यूल (छोटी गाठ), कन्सॉलिडेशन (फुफ्फुसाचा भरून घट्ट झालेला भाग), हार्टची साइझ वगैरे. शिवाय ज्या फिल्ममध्ये काहीतरी सिरियस वाटतंय ती वर्कलिस्टमध्ये आपोआप वर सरकते.

आणि हे वर सरकणं हीच या प्रॉडक्टची सगळ्यात भारी गोष्ट आहे. ज्यांनी कधी रिपोर्टिंग केलं नाही त्यांना कळणार नाही पण दिवसभराच्या ढिगात ऑपरेशनआधीच्या फिटनेसच्या फिल्म असतात, फॉलोअपच्या असतात, आणि त्यांच्या मध्येच कुठेतरी एक अशी असते की पेशंटचं फुफ्फुस अर्धं बसलंय आणि तो बाहेर खुर्चीवर बसून रिपोर्टची वाट बघतोय. पूर्वी ती फिल्म तिचा नंबर लागेल तेव्हाच उघडली जायची. आता ती वर येते. सॉफ्टवेअरचं निदान मानायचं की नाही हा प्रश्नच इथे येत नाही, ते फक्त एवढंच म्हणतंय की बाई ही आधी बघ. यावर आमच्या डिपार्टमेंटमध्ये कोणाचंही दुमत नाही, जे सर एआयचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालतात तेसुद्धा यावर गप्प आहेत. तसंच राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी) चुकून श्वासनलिकेतून फुफ्फुसात गेलीय का, सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) टोक कुठे आहे, यातही ते चांगलं पकडतं. आणि हार्टच्या मागे लपलेला, क्लॅव्हिकल (कॉलरबोन) आणि पहिल्या बरगडीच्या गर्दीत दडलेला नोड्यूल, जो शिफ्टच्या शेवटच्या तासात माणसाच्या डोळ्याला दगा देतो, तिथे त्याने खरंच मदत केलीय.

आता रडगाणं.

आयसीयूच्या पोर्टेबल फिल्म, म्हणजे मशीन बेडपाशी नेऊन काढलेल्या. पेशंट आडवा, अँगल तिरका, पाठीची कातडी प्लेटवर दुमडलेली, आणि त्या घडीची कड हुबेहूब फुफ्फुसाच्या कडेसारखी दिसते. आमच्यातला कोणीही आधी हेच बघतो की त्या रेषेच्या पलीकडे रक्तवाहिन्या जातायत का, जात असतील तर ती कातडीची घडी, विषय संपला. सॉफ्टवेअर मात्र नव्वदच्या आसपास न्यूमोथोरॅक्स सांगून मोकळं होतं, हीटमॅप लालभडक, फिल्म लिस्टच्या टोकाला, आणि तेवढ्यात आयसीयूतल्या रेसिडेंटच्या (शिकाऊ डॉक्टरच्या) स्क्रीनवरही तोच लाल डाग उमटलेला असतो त्यामुळे त्याचा फोन, "मॅडम, आयसीडी टाकायची तयारी करतोय". थांब बाळा, आधी मला बघू दे! बऱ्या पेशंटच्या छातीत नळी (तीच आयसीडी) घालण्याची वेळ आली असती तर त्याला काय उत्तर दिलं असतं. निपलच्या सावलीला नोड्यूल म्हणणं, खांद्याच्या हाडाची कड, ईसीजीची लीड, बरगड्यांच्या टोकाचं कॅल्सिफिकेशन, हे तर रोजचंच.

सेल्सवाले म्हणतात अ‍ॅक्युरसी पंच्याण्णव टक्के. बरं, धरून चालू. समजा हजार फिल्ममध्ये दहा जणांना खरंच न्यूमोथोरॅक्स आहे, सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण) ९५ टक्के आणि स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांना बरोबर सोडण्याचं प्रमाण) ९० टक्के. म्हणजे दहातले नऊ-दहा पकडले, मस्त. पण उरलेल्या ९९० नॉर्मल लोकांपैकी दहा टक्के म्हणजे ९९ जणांवर खोटा अलार्म. एकूण एकशे आठ-नऊ अलार्म, त्यातले खरे नऊ-दहा. हे गणित कोणत्याही सेकंड इयरच्या पोराला येतं, ब्रोशरमध्ये मात्र सापडत नाही. मग डॉक्टर अलार्मकडे लक्ष देत नाहीत म्हणून त्यांना "रेझिस्टंट टु चेंज" म्हणायचं. अहो, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकणाऱ्या कुत्र्याकडे मालकही बघेनासा होतो.

आमच्याकडच्या वेगवेगळ्या स्पेशालिस्ट लोकांनी हे कसं घेतलं ते बघणं ही तर वेगळीच करमणूक होती. इमर्जन्सीवाले पहिल्या आठवड्यापासून फॅन. त्यांचं बरोबरच आहे, रात्री दोन वाजता रेडिओलॉजिस्ट शेजारी नसतो, निर्णय तर लगेच घ्यायचाय, कोणीतरी दुसरं मत देतंय तर हवंच. आयसीयूच्या मॅडम सुरुवातीला उत्साहात होत्या, त्या कातडीच्या घड्यांनंतर त्यांनी पोर्टेबल फिल्मसाठी अलर्टच बंद करायला लावले, आणि मला विचाराल तर शहाणपणाचं केलं. छातीचे डॉक्टर म्हणजे चेस्ट फिजिशियन, ते स्वतःची फिल्म स्वतःच वाचतात, त्यांना आमच्या रिपोर्टचीही फारशी गरज वाटत नाही तर सॉफ्टवेअरची काय वाटणार, पण टीबीच्या स्क्रीनिंगबद्दल मात्र ते मनापासून बाजूने आहेत. त्याला कारणही आहे, २०२१ मध्ये डब्ल्यूएचओने पंधरा वर्षं आणि त्यावरच्या लोकांच्या टीबी स्क्रीनिंगसाठी माणसाच्या ऐवजी असं सॉफ्टवेअर फिल्म वाचू शकतं असं अधिकृतपणे सांगितलं. जिथे फिल्म वाचायला माणूसच नाही तिथे प्रश्न वेगळा असतो. सर्जन लोकांना एकच पडलेलं, रिपोर्ट लवकर मिळतो का. मिळतो? मग ठेवा.

डोळ्यांचे एक सर कॅन्टीनमध्ये भेटले की मला चिडवतात, म्हणे आमच्याकडे तर डॉक्टरशिवाय चालणारं मशीन कधीच आलं. खरंय ते. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं मंजूर करणारी सरकारी संस्था) डायबिटिक रेटिनोपथीसाठी, म्हणजे डायबिटीसमुळे रेटिना खराब होते त्यासाठी, आयडीएक्स-डीआर नावाचं एआय मंजूर केलं, ते डोळ्यांच्या डॉक्टरने फोटो न बघताच सांगतं की पेशंटला पुढे पाठवायचं की नाही. पण मीही त्यांना सोडत नाही, मी थायलंडची गोष्ट काढते. गूगलने तिथल्या क्लिनिकमध्ये रेटिना बघणारं एआय वापरून बघितलं, लॅबमध्ये एकदम टॉप चाललेलं, प्रत्यक्षात खोलीत उजेड जास्त, नर्सना घाई, आणि पाचातला एक फोटो सिस्टिमने "क्वालिटी बरोबर नाही" म्हणून परत पाठवला. ज्या फोटोत नर्सला डोळा स्वच्छ ठीक दिसतोय त्यासाठीही पेशंटला दुसरीकडे रेफर करायचं, त्याचा दिवस मोडायचा. २०२० मध्ये हा सगळा अनुभव गूगलच्याच लोकांनी प्रामाणिकपणे छापला याचं मला कौतुक वाटतं. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडून असा प्रामाणिकपणा मला अजून बघायचाय.

ज्याच्यावर खरं बोलायला पाहिजे तो मुद्दा हा की एआयचं उत्तर मला कधी दिसतं, मी फिल्म बघायच्या आधी की नंतर. ऐकायला किरकोळ वाटतं. आमच्याकडे डिफॉल्ट सेटिंग असं होतं की केस उघडली की हीटमॅप आधीच समोर. आता तुम्हीच सांगा, समोर लाल डाग दिसल्यावर कोणाचा डोळा डाव्या फुफ्फुसाच्या टोकापासून शिस्तीत सुरुवात करेल? डोळा डागावर जातो, डागावर मत बनतं, आणि बाकीची फिल्म बघायची ती आपली रीत म्हणून. २०२३ मध्ये 'रेडिओलॉजी' जर्नलमध्ये एक प्रयोग आला होता, मॅमोग्राम (स्तनांचे एक्स-रे) वाचणाऱ्या २७ रेडिओलॉजिस्टना मुद्दाम काही केसेसमध्ये एआयचं म्हणून चुकीचं उत्तर दाखवलं. नवशिक्यांची अचूकता जिथे एआय बरोबर होतं तिथे ८० टक्क्यांच्या जवळ, जिथे चुकीचं होतं तिथे २० टक्क्यांवर. हे नवशिक्यांचं झालं. अगदी मुरलेल्या लोकांचीही ८२ वरून ४५ वर घसरली. मुरलेल्या! म्हणजे "मला अनुभव आहे, मी फसणार नाही" असं म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांसाठीच ते आहे.

आणि २०२५ मध्ये पोलंडचा जो अभ्यास 'लॅन्सेट'च्या गॅस्ट्रोच्या जर्नलमध्ये आला तो आमच्या एंडोस्कोपीच्या लोकांनी ग्रुपवर टाकला तेव्हा तिकडे दोन दिवस शांतता होती. कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत) एआय पॉलिप म्हणजे आतल्या गाठी दाखवतं, त्याची सवय झाल्यावर त्याच डॉक्टरांनी एआयशिवाय केलेल्या तपासण्यांमध्ये अ‍ॅडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारे पॉलिप) सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं. एक अभ्यास म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, केसेस वाढल्या होत्या वगैरे दुसरी कारणंही असू शकतात, पण सर्व्हर डाऊन असतो त्या दिवशी आमच्या रेसिडेंटचे चेहरे बघितले की मला तो अभ्यास आठवतो. मला जाम काळजी वाटते ती या पोरांची. मोठे सर लोक एआयला शिव्या देतात ना, त्यांची मला अजिबात चिंता नाही, ते फिल्म बघतात आणि मग शिव्या देतात. जो गुपचूप हीटमॅप बघून रिपोर्ट टाइप करतो आणि मीटिंगमध्ये "हो हो, मी फक्त असिस्ट म्हणून वापरतो" म्हणतो, त्याच्याबद्दल विचार करा. कंपनीच्या डॅशबोर्डवर तोच "हाय अ‍ॅडॉप्शन युझर" दिसतो!

आम्ही काय केलं तर कंपनीच्या मागे लागून सेटिंग बदलून घेतलं. आता आधी स्वतः बघायचं, प्राथमिक मत नोंदवायचं, मग बटण दाबलं की एआयचं उत्तर उघडतं. फक्त लिस्टमधली क्रमवारी तेवढी आधीपासून चालू. यासाठी कितीतरी ईमेल, सपोर्टची तिकिटं, एकदा तर "सर, हे फीचर रोडमॅपवर आहे" असं उत्तर (मी सर नाही, पण असो). शेवटी झालं. आणि गंमत म्हणजे हा बदल झाल्यावर जे दोन-तीन जण सॉफ्टवेअर उघडतही नव्हते ते वापरायला लागले. कारण आता ते परीक्षकासारखं डोक्यावर बसत नाही, आपलं झाल्यावर शेजारच्याला "तुला काय वाटतं रे" विचारतो तसं झालंय. मतं जुळली तर पुढे, नाही जुळली तर परत एकदा नीट बघतो, आणि खरा फायदा या न जुळलेल्या केसेसमध्येच आहे.

पण न जुळलेल्या केसेसमध्येच सहीचा प्रश्नही येतो. एआयने नोड्यूल म्हटलं, मी निपल शॅडो म्हटलं, रिपोर्टवर सही माझी. एआयची ती इमेज पॅक्समध्ये कायमची सेव्ह होते. दोन वर्षांनी त्या पेशंटला काही निघालं तर वकील पहिली तीच इमेज काढणार, की मशीनने सांगितलं होतं तरी डॉक्टरने ऐकलं नाही. आणि उलट, मी मशीनचं ऐकून सीटी करायला लावला, काही निघालं नाही, पेशंटला उगाच रेडिएशन आणि मनस्ताप, तरी प्रश्न मलाच. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पहिल्याच पानांवर लिहिलेलं असतं की हे फक्त सहाय्यक आहे, अंतिम निर्णय डॉक्टरांचा. म्हणजे बरोबर आलं तर एआयचं यश म्हणून प्रेस रिलीज, चुकलं तर डॉक्टरचं क्लिनिकल जजमेंट. आमच्या लोकांच्या नाराजीतला मोठा हिस्सा इथे आहे आणि तो टेक्नॉलॉजीच्या भीतीत मोजला जातो, हे मला पटत नाही. त्या आयडीएक्स-डीआरचंच बघा, ते स्वतः निदान देतं म्हणून मशीनच्या चुकीची जबाबदारी आमची असं त्याच्या कर्त्यांनी उघड सांगितलं होतं. असं कोणी लिहून दिलं तर बघा किती विरोधक राहतात.

जुन्या लोकांचा संशय नुसताच हटवादी नाही, त्यांनी हा सिनेमा आधी बघितलाय. मॅमोग्राफीत संशयास्पद जागेवर खुणा करणारं कॅड नावाचं सॉफ्टवेअर १९९८ पासून अमेरिकेत मंजूर होतं, तिथे ते घरोघरी पोहोचावं तसं सेंटरोसेंटरी पोहोचलं, जास्तीचे पैसेही मिळायचे, आणि २०१५ मध्ये मोठ्या प्रमाणावर तपासलं तर निदानाच्या अचूकतेत काही सुधारणाच नाही असं निघालं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या निरुपयोगी खुणा खोडत रिपोर्ट केले त्यांना नवीन डेमो बघून उड्या मारा म्हणणं जरा जास्तच होतं. तरी न्याय म्हणून सांगते, आताचं एआय म्हणजे ते जुनं कॅड नव्हे. स्वीडनमध्ये ८० हजारांवर बायकांवर मॅमोग्राफीत एआयची ट्रायल झाली, २०२३ मध्ये पहिले आकडे आले, नेहमीच्या दोन रीडरच्या (दोन डॉक्टरांनी वाचायच्या) पद्धतीत हजारी ५ च्या आसपास कॅन्सर सापडले तर एआयच्या मदतीने ६ च्या आसपास, आणि वाचनाचं काम ४४ टक्के कमी झालं. हे आकडे मी आमच्या सगळ्यात खडूस सरांना दाखवले तर ते म्हणाले, "हे असं आपल्या मशीनचं, आपल्या पेशंटवर दाखवा, मी उद्यापासून वापरतो." आता याला विरोध म्हणायचं का?

आपल्या पेशंटवर दाखवा, हीच मागणी कंपनीला सगळ्यात जड जाते. २०१८ मध्ये एका संशोधनात दिसलं होतं की न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल दुसऱ्या हॉस्पिटलच्या फिल्मवर ढेपाळतं, शिवाय फिल्म कुठल्या हॉस्पिटलची आहे हे मात्र ते अगदी अचूक ओळखतं. न्यूमोथोरॅक्सच्या डेटात तर भलताच घोळ सापडला, बऱ्याच पेशंटच्या छातीत आधीच नळी घातलेली, मग मॉडेल नळी असलेल्यांना छान ओळखतं आणि नळी नसलेल्यांमध्ये कमी पडतं. अहो, नळी आहे म्हणजे उपचार झालाय, मला नळी नसलेला पेशंट सापडायला हवाय! म्हणून आम्ही जुन्या, निदान पक्कं झालेल्या फिल्म काढून त्यावर चालवून बघितलं आणि थ्रेशोल्ड, म्हणजे किती टक्क्यांना अलार्म द्यायचा तो आकडा, आपल्या हिशोबाने बदलला. कंपनीचा माणूस आला होता, चांगला पोरगा, पण "ट्रेनिंगमध्ये पोर्टेबल फिल्म किती होत्या" विचारलं की "मी टीमला विचारून कळवतो". अजून कळवतोय. मध्ये एकदा न सांगता व्हर्जन अपडेट झालं आणि अचानक इफ्यूजनचे अलर्ट वाढले, आम्हाला वाटलं पेशंटच तसे येतायत. हे मात्र अक्षम्य आहे, औषधाचा फॉर्म्युला कोणी असा गुपचूप बदलतं का?

तर रेटिंग. क्रमवारी लावण्यासाठी पाचात साडेचार. नळ्या-लाइन्ससाठी चार. नोड्यूलसाठी साडेतीन, ते पण आपलं मत आधी नोंदवण्याचं सेटिंग असेल तर. पोर्टेबल फिल्मसाठी दीड. सपोर्टला दोन, त्या पोराच्या चांगल्या वागण्याचे त्यात धरून. लहान मुलांसाठी वापरू नका, आमचं तर मोठ्यांसाठीच मंजूर आहे तरी कोणीतरी पीडियाट्रिक्सला लिंक करून ठेवलं होतं, तुमच्याकडेही एकदा चेक करा.

घ्यायचा विचार असेल तर डेमोला रेडिओलॉजिस्टबरोबर आयसीयू आणि इमर्जन्सीचा माणूस बसवा, आयटीवाल्यालाही बसवा नाहीतर पॅक्सशी जोडताना रडाल, आणि डेमोला त्यांच्या फिल्म नकोत, तुमच्या पेनड्राइव्हमधल्या चालवायला सांगा, अर्थात पेशंटची नावं काढून. करारात तीन वाक्यं मागा: अपडेटआधी लेखी कळवणार, थ्रेशोल्ड आम्ही बदलू शकणार, आणि मतभेद झालेल्या केसेसचा लॉग आमच्याकडे राहणार. आमचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे, पहिल्या दोन अटी त्यांनी मान्य केल्यात, लॉगवर घोडं अडलंय. तिसरीही मान्य झाली तर मी रिन्यू करा म्हणणार आहे, खडूस सरांचंही मत तेच आहे.